ज्यांनी यावे तेच येत नाहीत



कापूस लावणाऱ्या मंडळींना गुलाबी बोंडअळीची खोड मी नव्याने सांगायला नको. झाड तजेलदार दिसते, बोंड हिरवेगार, टपोरे असते, आणि आत अळी निवांत सरकी खात बसलेली असते. बोंड पिचकले, रुई पिवळी पडली, म्हणजे मग डोळ्यांना दिसते. पण तोवर हातचे पीक गेलेले असते. म्हणून जाणता शेतकरी वाट पाहत नाही. फुलांत डोमकळ्या आहेत का ते बघतो, कामगंध सापळे लावतो, आणि शेताच्या चार बाजूंनी वीस हिरवी बोंडे तोडून आणून बांधावर बसून एकेक फोडतो. विसात दोन किडकी निघाली की फवारणीची वेळ झाली, असे कृषी खात्याची माणसे सांगतात. पीक चांगले दिसत असतानाच हे सारे करावयाचे असते. बोंड दिसायला छान आहे, मग फोडायचे कशाला, असे कोणी म्हटले तर आपण त्याला हसू.

आज ज्या तपासणीविषयी सांगणार आहे ती याच जातीची आहे. फक्त बोंडाच्या जागी माणसाची छाती आहे. ही तपासणी निघाली, ती उपयोगाची आहे असे सिद्ध झाले, विलायतेत तर ती सरकारने फुकट देऊ केली, आणि तरीही ज्यांच्यासाठी ती काढली त्यातले पुष्कळ लोक फिरकलेच नाहीत. ते का आले नाहीत आणि पुढे कशाने येऊ लागले, हे कोडे समजून घेण्यासारखे आहे. कारण तेच कोडे आज आपल्या गावच्या उपकेंद्राच्या दारातही पडलेले आहे.

रोग आहे फुफ्फुसाचा कर्करोग. त्याची लबाडी अशी की तो मुका असतो. बोटात काटा मोडला तर आपण कळवळतो, दाढ दुखली तर रात्रभर झोप नाही. पण फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. तिथे हरभऱ्याएवढी गाठ झाली, बोराएवढी झाली, तरी माणूस नांगर धरतो, पोती उचलतो, जत्रेला जातो. खोकला असतोच, पण विडी ओढणाऱ्याला खोकला नवा नसतो. गाठ श्वासनळीवर दाबू लागली, थुंकीत रक्त दिसले, वजन उतरले, म्हणजे तो दवाखान्यात जातो, आणि तोवर रोग बहुधा हाडांत, यकृतात किंवा मेंदूत पोचलेला असतो. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पाच वर्षांनंतरही हयात असतात. शेवटच्या टप्प्यात सापडलेल्यांत शंभरात दहाही उरत नाहीत. रोग एकच, फरक सगळा वेळेचा.

धूम्रपान आणि हा रोग यांचे नाते १९५० साली पक्के समोर आले. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी इस्पितळांतल्या रोग्यांना त्यांच्या सवयी विचारून तो हिशेब मांडला. त्याच वर्षी अमेरिकेतूनही तसाच निर्वाळा आला. आपल्या मुंबईतही टाटा इस्पितळात संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध १९५५ साली दाखवून दिला होता. तेव्हा ही काही कालची बातमी नव्हे.

मग डॉक्टरांना साहजिकच वाटले की ओढणाऱ्यांच्या छातीचा फोटो दरवर्षी काढावा, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडेल. कल्पना सरळ होती. पण ती खोटी ठरली. एक्स-रेत बरगड्या आणि हृदयाची सावली यांच्याआड लहान गाठ लपते. अमेरिकेत दीड लाखावर माणसांवर वर्षानुवर्षे केलेल्या एका पाहणीचा निकाल २०११ साली लागला: दरवर्षी छातीचा फोटो काढणारे आणि न काढणारे, दोन्हींकडे मृत्यू सारखेच. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे "मी मागल्या वर्षी फोटो काढला, सगळं साफ आहे" असे म्हणून पुढचे बंडल फोडणारे पुष्कळ भेटतात. त्या साफ फोटोवर विसंबू नये.

उपयोगी पडले ते सीटी स्कॅनचे यंत्र. त्यात माणसाला फळीवर निजवतात, फळी एका मोठ्या कड्यातून सरकते, आणि पावाचे काप पाडावेत तसे छातीचे पातळ पातळ काप चित्रात दिसतात. निरोग्याची तपासणी करावयाची म्हणून त्यात किरण नेहमीपेक्षा पुष्कळ कमी ठेवतात. सुई नाही, उपाशी राहणे नाही, काम मिनिटभराचे. अमेरिकेत २००२ ते २००४ या काळात ५५ ते ७४ वयाचे ५३,४५४ लोक निवडले. निवडण्याची अट अशी की माणसाची तीस 'पाकीट-वर्षे' भरलेली असावीत. वर्षभर रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट म्हणजे एक पाकीट-वर्ष. रोज एक पाकीट तीस वर्षे ओढले काय किंवा रोज दोन पंधरा वर्षे ओढली काय, हिशेब सारखाच. निम्म्यांचा तीन वर्षे सीटी स्कॅन केला, निम्म्यांचा साधा एक्स-रे. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा स्कॅनवाल्यांत या रोगाचे मृत्यू शंभरामागे वीस कमी निघाले. हॉलंड आणि बेल्जम या देशांतल्या पाहणीचा निकाल २०२० साली आला; तिथे पुरुषांत दहा वर्षांत शंभरामागे २४ मृत्यू कमी झाले.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवणे बरे नव्हे. अमेरिकेच्या त्या पाहणीत साधारण ३२० जणांची तपासणी केली तेव्हा एक मृत्यू टळला. तीन वर्षांत शंभरातल्या ३९ जणांच्या स्कॅनमध्ये कधी ना कधी काहीतरी संशयास्पद दिसले, आणि असे जे काही दिसले त्यात शंभरात ९६ वेळा तो कर्करोग नव्हता. जुना व्रण, जंतुसंसर्गाची खूण, असले काहीतरी होते. तोवर त्या घरी काय चालले असेल याची कल्पना करा. म्हणून ही तपासणी सरसकट सगळ्यांची करीत नाहीत. धोका ज्यांना खरोखर जास्त, त्यांचीच करतात. सर्व धान्य चाळणीत ओतायचे नाही. जिथे किडीची शंका, तेच पोते उघडायचे.

आता इथून कोडे सुरू होते. अमेरिकेत २०१३ साली या तपासणीची अधिकृत शिफारस झाली. २०२१ साली अट सैल केली: वय ५० ते ८०, वीस पाकीट-वर्षे, आणि अजून ओढणारे किंवा सोडून पंधरा वर्षे न झालेले. साधने आहेत, दवाखाने आहेत, विमा खर्च देतो. तरी २०२२ च्या पाहणीत ज्यांना ती लागू होती त्यांच्यापैकी शंभरातल्या अवघ्या १८ जणांची तपासणी वेळच्या वेळी झालेली आढळली. बाकीचे ८२ कुठे होते?

इंग्लंडात २०११ नंतर लिव्हरपूल आणि केंब्रिजच्या भागात ५० ते ७५ वयाच्या जवळजवळ अडीच लाख लोकांना टपालाने पत्रे धाडली. तिघांतल्या एकाचेही पुरते होकारी उत्तर आले नाही. न आलेल्यांत कोण जास्त, ते पाहिल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. जे अजूनही ओढत होते ते कमी आले. जे गरीब वस्तीत राहत होते ते कमी आले. ज्यांना धोका थोडा, ते नीटनेटके कपडे करून हजर! ज्यांनी यावे, तेच घरी.

तुम्ही म्हणाल, अडाणीपणा, दुसरे काय? मलाही पूर्वी तसेच वाटे. माझे मत बदलले ते माझ्या थोरल्या मामांमुळे.

मामा विडी ओढीत. रोज एक बंडल, आणि पोळ्याला-दिवाळीला दोन. बाकी माणूस काटेकोर. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. खोकला वाढला तसे मामी मागे लागल्या, मी मागे लागलो. मामा दर वेळी काहीतरी काम काढीत. कधी पेरणी, कधी सोसायटीची मीटिंग. पुढे थुंकीत रक्त पडले तेव्हा त्यांना अक्षरशः गाडीत घालून तालुक्याला नेले. रोग छातीबाहेर गेलेला होता. शेवटच्या महिन्यात एका दुपारी मी न राहवून विचारले, "मामा, तुम्हाला ठाऊक नव्हतं का हो, विडीनं असं होतं म्हणून?" मामा म्हणाले, "ठाऊक होतं. म्हणूनच तर गेलो नाही. गेलो असतो तर डॉक्टर पहिलं काय म्हणणार? केलंस ना, मग भोग आता. अन् रोग निघाला असता तर सगळा गाव तेच म्हणणार."

त्यांच्या काळी गावात कोणी स्कॅनची तपासणी देत नव्हते, आणि ती असती तर मामा वाचलेच असते असेही मी म्हणत नाही. पण त्या एका वाक्याने मला या प्रकरणाची किल्ली मिळाली. विलायतेत आणि अमेरिकेत न येणाऱ्यांना घरी जाऊन, बसवून, कारणे विचारली गेली आहेत. ती वाचताना मला मामाच बोलताहेत असे वाटते. नशिबात असेल ते होईल. एकदा कर्करोग झाला म्हणजे माणूस सुटत नाही, मग कळून काय करायचे. मला तर काही त्रास होत नाही. इस्पितळ लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात. आणि सगळ्यांच्या तळाशी, हळू आवाजात सांगितलेले: हे मीच माझ्या हाताने केले आहे, आता कोणत्या तोंडाने मदत मागू? हृदयाच्या रोग्याकडे लोक कणवेने बघतात. फुफ्फुसाच्या रोग्याला पहिला प्रश्न येतो, "ओढत होता का?" ज्याला हा प्रश्न येणार हे ठाऊक असते तो दारापर्यंत जात नाही. त्याला अडाणी म्हणून कसे चालेल? धोका तो आपल्याहून जास्त ओळखून असतो, आणि तीच ओळख त्याला दूर ठेवते.

मग इलाज काय? पहिला विचार आला तो चांगली पत्रके छापण्याचा. लंडनमध्ये ओढणाऱ्या किंवा नुकती सोडलेल्या २,०१२ लोकांवर एक प्रयोग झाला; त्याचा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीची माहिती-पुस्तिका पाठवली. निम्म्यांना सोप्या, मायेच्या शब्दांतले पत्रक पाठवले. मोटारीची जशी दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते तशी फुफ्फुसाची करून घ्या, असा त्याचा थाट. कोणाकडून जास्त लोक आले असतील? दोन्हींकडून सारखेच, शंभरातले ५३ च्या आत-बाहेर! पत्रक लिहिणाऱ्यांचा हिरमोड झाला असेल. मी स्वतः पत्रके लिहिणारा माणूस असल्यामुळे त्यांचे दुःख जाणतो. पण त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. टपालाच्या त्या जुन्या अडीच लाख पत्रांना जेवढा होकार मिळाला त्याहून हे ५३ पुष्कळ जास्त. इथे दोन्ही गटांना पत्र आले होते ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून, त्यात 'या, तुमच्या फुफ्फुसांची तब्येत पाहू' असा सूर होता, दिवस आणि वेळ आधीच ठरवून दिलेली होती, आणि न आलेल्यांना पुन्हा आठवण केली होती. शब्दांच्या नक्षीपेक्षा कोण बोलावतो आणि कुठे बोलावतो यालाच वजन पडलेले दिसते.

'कुठे' हा प्रश्न मँचेस्टरने सोडवला. मँचेस्टर म्हणजे कापडाच्या गिरण्यांचे शहर. आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात ते त्यावरूनच. गिरण्या गेल्या, गरिबी राहिली, आणि धुराचे व्यसनही राहिले. तिथल्या डॉक्टरांनी २०१६ साली ठरवले की लोक इस्पितळात येत नाहीत ना, मग इस्पितळच बाजारात नेऊ. स्कॅनचे यंत्र एका लांबलचक ट्रकमध्ये बसवले आणि तो ट्रक गरीब वस्त्यांतल्या बाजारपेठेच्या वाहनतळावर नेऊन उभा केला. आपल्याकडे आठवडी बाजारात बियाण्यांची गाडी उभी राहते तसा. ५५ ते ७४ वयाच्या, कधीकाळी तरी ओढलेल्या लोकांना त्यांच्या डॉक्टरांनी 'फुफ्फुस-आरोग्य तपासणी'ला बोलावले. आधी परिचारिका बसवून घ्यायची, नळीत फुंकायला लावून श्वास मोजायची, किती वर्षे ओढता, घरात कोणाला झाला होता का, हे विचारून धोक्याचा आकडा काढायची. आकडा मोठा आला तर, "शेजारीच गाडी आहे, आत्ताच करून घ्या ना." पुन्हा येणे नाही, गाडीभाडे नाही. बाई भाजी घ्यायला आली आणि छाती दाखवून गेली.

या तपासणीला २,५४१ माणसे आली. त्यांच्यापैकी धोका जास्त निघालेल्या १,३८४ जणांचा स्कॅन झाला, आणि ४२ जणांत कर्करोग सापडला. म्हणजे ३३ माणसांमागे एक. एरवी हा रोग बहुतेकांत उशिराच्या टप्प्यात सापडतो. इथे सापडलेल्यांत शंभरातले ८० पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्याचे होते, शस्त्रक्रियेच्या आवाक्यातले. बहुतेकांना काडीचा त्रास नव्हता. इंग्लंडने मग २०१९ पासून अशा गाड्या अनेक शहरांत फिरवल्या आणि २०२३ साली ही तपासणी साऱ्या देशात न्यायचे जाहीर केले. सर्वांपर्यंत पोचायला २०३० साल धरले आहे. या गाड्यांपाशी विडी-सिगारेट सोडवणारा मदतनीसही बसतो. त्याने आधी ओरडायचे नाही, असा दंडक आहे म्हणे! तरीही सगळे येतात असे नाही. पण न येणाऱ्यांच्या दारापर्यंत वाट गेली, एवढे झाले.

आता आपल्याकडे वळू. हे वाचून कोणी उद्याच शहरात जाऊन पदरचे पैसे भरून स्कॅन करून येईल, म्हणून आधी स्पष्ट सांगतो. आपल्या देशात फुफ्फुसाच्या कर्करोगाची अशी सरकारी तपासणी नाही, आणि नसण्याला कारणे आहेत. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण इतक्या छात्यांत आहेत की स्कॅनमध्ये ठिपके पुष्कळांना दिसतील, आणि त्यातला चोर कोणता हे ठरवताना माणूस भीतीने आणि खर्चाने खंगेल. शिवाय पाकीट-वर्षांचे गणित सिगारेटवर बसवलेले आहे, विडीवर नव्हे. आपल्याकडे या रोगाच्या रोग्यांत कधीच न ओढलेले, विशेषतः बायका, बऱ्याच निघतात; त्यांना ही चाळणी लागूच पडत नाही. म्हणून साठीच्या घरातल्या, तीस-तीस वर्षे ओढलेल्या माणसाने आपल्या डॉक्टरशी याविषयी बोलावे, इतपतच मी म्हणेन.

ही गोष्ट मात्र पक्की धरा: खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीत रक्त आले, आवाज बसला तो उघडेना, वजन उतरले, तर ती चाळणी राहत नाही, ते लक्षण झाले. त्याला थुंकीची तपासणी लागते आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. आपल्याकडे छातीच्या फोटोवर डाग दिसला की मन आधी क्षयाकडे धावते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण थुंकीत क्षयाचे जंतू मिळाले नाहीत, औषध घेऊनही एक-दोन महिन्यांत उतार नाही, तर "साहेब, हे दुसरं काही तर नाही ना?" असे विचारायला भ्यायचे नाही. हा प्रश्न विचारला न गेल्यामुळे महिनेच्या महिने गेलेली घरे मी पाहिली आहेत.

पण फुफ्फुस आत आहे, तोंड तर बाहेर आहे! तंबाखूने होणारा आपल्याकडचा मोठा रोग तोंडाचा, आणि तो बघायला ट्रक नको की यंत्र नको. उजेड आणि दोन डोळे पुरतात. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले. त्यांनी पस्तिशीपुढच्या माणसांची तोंडे उघडून पाहिली. त्याचा निकाल २००५ साली आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. न घेणाऱ्यांत फरक पडला नाही. पुन्हा तेच, किडीची शंका असलेले पोते.

आपल्या सरकारनेही २०१६ साली ठरवले की तिशीपुढच्या लोकांची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी उपकेंद्रापासून व्हावी. आणि लोक किती आले? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या लोकांना विचारले, तेव्हा देशभरात तोंडाची तपासणी कधी ना कधी करून घेतलेले पुरुष शंभरात १.२ निघाले. अमेरिकेच्या १८ ला आपण नावे ठेवत होतो!

तेव्हा आपले लोक असेच, असे म्हणून मोकळे व्हावे का? तसे म्हणता येत नाही, कारण आपल्याच महाराष्ट्रातला पुरावा उलटा आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली खेड्यांतल्या कर्करोगाची देशातली पहिली नोंदवही सुरू झाली. या रुग्णालयाने मुंबईच्या टाटा इस्पितळाच्या आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया पाहणीत होत्या. कोरडवाहू मुलूख, बहुतेक बायका शेतात राबणाऱ्या, कित्येकींना अक्षरओळख नाही. आणि तपासणी ती, जिच्याविषयी घरातही बोलायची चोरी. तपासणीला बोलावलेल्या शंभरातल्या किती आल्या असतील? सुमारे ८०! लंडनमध्ये ५३, अमेरिकेत १८, आणि परंड्या-भूमच्या बाजूला ८०. रोग आणि तपासणी वेगळ्या आहेत, त्यामुळे आकड्याशी आकडा नेमका भिडवता येणार नाही हे मला कळते. तरीही थांबून विचार करावा असा हा आकडा आहे.

तिथे काय केले होते? बाई कार्यकर्त्या घरोघर गेल्या. एकीला गाठून पत्रक हातात कोंबले असे नाही; बसून बोलल्या, सासूशीही बोलल्या, नवऱ्याशीही बोलल्या. तपासणी परक्या शहरातल्या मोठ्या इमारतीत नव्हती. आणि काही निघाले तर उपचार कुठे होणार हे आधी सांगितलेले होते. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात पुढे या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. तो निकाल २००९ साली साऱ्या जगाने वाचला. एका गटाला तपासणीविना ठेवले यावर पुढे टीका झाली, आणि ती टीका गैरलागू होती असे मला वाटत नाही. पण खेड्यातल्या बायका येत नाहीत, हे म्हणणे मात्र त्यानंतर कोणी करू नये.

गुरुजनहो, आता तुमच्याशी बोलायचे आहे. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा एक कागद भरतात, तो तुम्ही पाहिला असेल. वय, कमरेचा घेर, दारू, घरातल्यांचे आजार, आणि तंबाखू. तंबाखू रोज घेणाऱ्याला त्यात दोन गुण. बेरीज चारांवर गेली की त्या माणसाने तपासणीला आधी यावे अशी योजना आहे. हे गुण शाळेतल्यासारखे नाहीत. जास्त मिळाले म्हणजे काळजी जास्त. पण होते काय, आशाताई विचारतात, "दादा, तंबाखू घेता का?" आणि खिशातली पुडी हाताने दाबीत दादा म्हणतात, "छे, छे!" शेजारी सून उभी असते, पोरे ऐकत असतात. पडला शून्य. आणि ज्याचे तोंड सगळ्यांत आधी पाहायचे त्याचे नाव यादीच्या तळाला गेले. शाळेत तंबाखूविरोधी घोषणा द्यायला लावताना मलाही पूर्वी फार बरे वाटे. आता एक शंका येते. ज्या पोराचा बाप विडी ओढतो ते पोर ती घोषणा घरी कशी नेते? बापाला लाज आणते की बापाचा हात धरून उपकेंद्रावर नेते? घोषणा बंद करा असे मी सुचवत नाही. पण वर्गात एकदा तोंडाच्या खुणा शिकवून पाहा: पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातले व्रण, तिखट लागताच होणारी आग, आणि आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील इतके आखडलेले तोंड. मुले हे घरी जाऊन आजोबांवर करून बघतातच. आजोबाही नातवापुढे तोंड उघडतात. डॉक्टरपुढे उघडणार नाहीत.

विडी सोडून दहा वर्षे झाली, आता मला काय त्याचे, असे विचारणारेही भेटतात. सोडल्यावर धोका वर्षावर्षाने उतरत जातो, पण कधीच न ओढलेल्याच्या पातळीला पटकन येत नाही. म्हणून तर अमेरिकेत सोडल्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत माणूस यादीत राहतो. आणि अजून ओढणाऱ्याने तपासणीआधी सोडलीच पाहिजे अशी अट कुठेच नाही. आधी सोडा मग या, असे कोणी म्हटले तर तो माणूस दोन्हीही करणार नाही.

माझे धाकटे मामा अजून आहेत, आणि अजून ओढतात. गेल्या चैत्रात मी गावी असताना आशाताई कागद घेऊन आल्या. मामी आत होत्या. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी पेपर तोंडापुढे धरला.

"काका, विडी?"

"आहे."

"रोज?"

"रोज. बंडलभर. चाळीस वर्षं झाली असतील."

आशाताईंनी दोन हा आकडा लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला. मंगळवारी उपकेंद्रावर टॉर्च घेऊन डॉक्टर बसणार आहेत, बाजारचाच दिवस आहे, जाता जाता या, एवढे सांगून त्या शेजारच्या घरी गेल्या. मंगळवारी मामा कांदे विकून परत येताना तिथे थांबले. सोबत बाजारातले आणखी दोघे जण होते. एकटे जायला म्हणे कसेसेच वाटत होते.